घंटा होईपर्यंत

“आणि मुलं काय म्हणाली?” आप्पांनी विचारलं.

रोहिदास बोलता बोलता थांबला. गेला अर्धा तास तो आपल्या वर्गाबद्दल सांगत होता. आता आप्पा शाबासकी देतील, असं त्याला वाटत होतं.

“मुलं?... मुलं काय म्हणणार? मुलं गप्प असतात, आप्पा.”

आप्पांच्या मांडीवर सूप होतं. ते वाल निवडत होते. त्यांनी एक किडका दाणा बाजूला काढला.

वेळकोंडच्या शाळेत रोहिदास उतेकर जूनमध्ये रुजू झाला होता. वय चोवीस. डी.एड.ला जिल्ह्यात दुसरा आलेला. पहिली-दुसरी मिळून तेवीस मुलं त्याच्याकडे होती, तिसरी-चौथी मुख्याध्यापक कळंबे गुरुजींकडे. शाळा दोन खोल्यांची, घाटाच्या पायथ्याला.

हे त्याचं स्वतःचंच गाव. पहिली-दुसरी तो याच खोलीत शिकला आणि पुढे तालुक्याला मामाकडे गेला. त्या दोन वर्षांत त्याला शिकवलं होतं आप्पा शिर्क्यांनी.

आप्पांच्या वर्गाची पंचक्रोशीत ख्याती होती. रस्त्याने जाणाऱ्याला वाटायचं, आज शाळेला सुट्टी दिसते. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी शेरेबुकात ‘आदर्श शांतता’ असं लिहून ठेवलं होतं. ते पान रोहिदासने रुजू झाल्या दिवशीच शोधून काढून वाचलं होतं.

निवृत्तीनंतर आप्पांची बायको गेली. त्यांनी घर पुतण्याला दिलं आणि ते गावाबाहेरच्या मठात राहायला आले. झाडलोट करायचे, दिवा लावायचे. लोक अडलंनडलं विचारायला यायचे. आप्पा फार बोलत नसत, पण लोक येत राहायचे.

रोहिदासला आप्पांसारखं व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं.

त्याने आप्पांना आपली रीत सांगितली. घंटा होईपर्यंत कोणी बोलायचं नाही, जागचं हलायचं नाही. जो हे पाळेल त्याचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूने लिहायचं. वर मथळा: आजची शहाणी मुलं. मारायची गरज पडली नाही. आवाजही चढवावा लागला नाही, एकदोनदा सोडून.

“एक धनगराची पोर आहे,” तो हसून म्हणाला. “हौसा ढेबे. जूनमध्ये तिचं तोंड मिटायचंच नाही. सारखं आपलं गुरुजी हे, गुरुजी ते. चार दिवस दाराबाहेर उभी केली. आता महिना झाला, एक शब्द नाही.”

“ती काय बोलायची?”

रोहिदासने आठवून पाहिलं.

“लक्षात नाही.”

आप्पांनी सूप खाली ठेवलं. ते त्याच्याकडे बघत राहिले. नजरेत राग नव्हता. काय होतं ते रोहिदासला कळलं नाही आणि तो थोडा नाराज होऊनच मठाच्या पायऱ्या उतरला.

पुढच्या गुरुवारची गोष्ट.

ऑक्टोबरचं ऊन होतं. मुलांनी कोपऱ्यातल्या गुंडाळून ठेवलेल्या बस्करपट्ट्या उलगडल्या आणि ती ओळीने बसली. रोहिदासने फळ्यावर वीस शब्द लिहायला घेतले. पहिला ‘कमळ’, शेवटचा ‘गवत’. लिहून झाल्यावर त्याने घंटा होईपर्यंत पाटीवर उतरवून काढायला सांगितलं आणि तो टेबलाशी बसून पाठटाचण लिहू लागला.

मध्ये दोनदा त्याने मान वर केली.

पहिल्यांदा त्याला दुसऱ्या ओळीतला लक्ष्या दिसला. लक्ष्या एरवी चुळबुळ्या. आज मात्र पाटी जमिनीवर ठेवून, दोन्ही तळवे तिच्यावर टेकवून ओणवा झाला होता. पापणीसुद्धा हलत नव्हती. रोहिदासला बरं वाटलं.

दुसऱ्यांदा त्याला लक्ष्याच्या शेजारची हौसा दिसली. तिचा झगा पाठीला चिकटला होता, कपाळावरून घाम निथळत होता. एक पाय तिने लांब केला होता.

“नीट बस,” तो हळूच म्हणाला.

हौसाने पाय जवळ घेतला. दोन्ही हातांनी उचलून घेतला, हे त्याने पाहिलं, पण त्याच्या मनात काही आलं नाही. तिचे डोळे भरलेले होते. शब्द येत नसतील, असं त्याला वाटलं.

पाठटाचणाच्या शेवटी त्याने लिहिलं: वर्ग शांत, मुले एकाग्र.

मग बाहेर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर कळंबे गुरुजींनी टोले दिले.

हौसा उठून उभी राहिली. आणि उभीची उभी कोसळली.

त्याच क्षणी बाकीची सगळी मुलं एकदम बोलायला लागली. महिन्याभरात पहिल्यांदा त्या खोलीत एवढा आवाज झाला. कोण काय म्हणतंय हे रोहिदासला कळेना. हौसाला उलटी झाली. त्याने तिचा हात धरला तर तो गार पडलेला, विहिरीतल्या दगडासारखा.

“विंचू,” लक्ष्या म्हणाला. “लाल हाय.”

लक्ष्या अजून जागचा उठला नव्हता. त्याने पाटीवरचे हात काढले आणि पाटी उचलली. तिच्याखाली चिरडलेला तांबडा विंचू होता. नांगी अजून किंचित हलत होती.

“तू... कधीपासून धरून बसलायस?”

“तिला चावला तवापासनं. सोडला तर दुसऱ्याला चावंल म्हून.”

“कधी चावला?”

लक्ष्याने फळ्याकडे बोट दाखवलं.

“तुमी कमळ लिवत व्हता, तवा.”

रोहिदासने फळ्याकडे पाहिलं. कमळापासून गवतापर्यंत वीस शब्द होते. त्याच्या नीट, गोल अक्षरातले.

पुढचं त्याला सलग आठवत नाही. त्याने हौसाला उचललं आणि तो पळत सुटला. एक चप्पल कुठे निघाली कळलं नाही. रस्त्यावर माणसं भरून चाललेली एक जीप मिळाली. लोकांनी उतरून जागा करून दिली. आरोग्य केंद्र सात किलोमीटर. हौसा त्याच्या मांडीवर थरथरत होती आणि तिचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, छातीला नळी लावली.

“किती वेळ झाला चावून?”

“आत्ताच,” रोहिदास म्हणाला.

तो खोटं बोलला. ठरवून नाही. ते आपोआप तोंडातून निघालं, आणि आपण काय बोललो हे कानावर पडल्यावर त्याला स्वतःचीच भीती वाटली.

बाईंनी हौसाच्या नखांकडे पाहिलं.

“हे आत्ताचं नाही, गुरुजी. खरं सांगा. मला त्यावरून औषध ठरवायचंय.”

“शाळेत अर्धा तास... नंतर वाटेत वीस मिनिटं.”

“अर्धा तास ही पोर बोलली नाही?”

बाईंनी पुढे विचारलं नाही. त्यांनी हौसाच्या तोंडात गोळी घातली, सलाईन लावलं, आणि रात्र काढली तर वाचेल, असं सांगितलं.

हौसाचे आईवडील संध्याकाळी पोचले. बिरा ढेबे आणि धोंडाबाई. धनगरवाड्यावरून चालत आलेले, पायांवर धुरळा. रोहिदासला वाटलं, हा माणूस आता आपल्याला मारणार. मारावं, असंही त्याला वाटलं.

बिराने हात जोडले. पोरीमुळे गुरुजींना त्रास झाला, शाळा मोडली, असं काहीतरी तो पुटपुटला.

धोंडाबाई पोरीच्या उशाशी बसली. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली.

“गुरुजी, तिनं काय आगळीक केली व्हती का?”

रोहिदास बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

हौसा वाचली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तिने डोळे उघडले. आईकडे पाहिलं, सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं. मग तिला रोहिदास दिसला आणि ती उठायला लागली. त्याने तिला पडून राहायला सांगितलं.

तिचे ओठ सुकले होते. आवाज निघायला वेळ लागला.

“गुरुजी... माजं नाव लिवलं का?”

त्याला आधी कळलंच नाही.

“मी बोलले न्हाय,” ती म्हणाली. “घंटा होईपर्यंत. हललेपन न्हाय. पाय आपसुक लांब झाला व्हता, पर तुमी सांगितल्यावर घेतला जवळ.”

महिनाभर ती गप्प राहत होती. पण नाव काही लागत नव्हतं, कारण ती बोलली नाही तरी हलायची. रोज फळ्याच्या कोपऱ्याकडे बघत घरी जायची. हे धोंडाबाईने सांगितलं, कौतुकाने.

रोहिदासने त्या पोरीच्या डोळ्यांत पाहिलं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

शनिवारी ग्रामपंचायतीत त्याला शाल आणि नारळ दिला. गुरुजींनी पोर वाचवली, अनवाणी पळत गेले, असं सरपंच म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कळंबे गुरुजींनी वरच्या कार्यालयाला पाठवायचा कागद आधीच तयार ठेवला होता: मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर विद्यार्थिनीस विंचूदंश झाला. उगाच कशाला पुढे गुंता, असं म्हणत त्यांनी पेन दिलं.

रोहिदासने सही केली.

तेवीस मुलांना खरं माहीत होतं. पण मुलांना कोणी विचारलंच नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही हे ती शिकली होती.

शाल खांद्यावर तशीच घेऊन तो मठात गेला. आप्पा ओट्यावर बसले होते.

त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. विंचू, पाटी, कमळ आणि गवत, डॉक्टरीणबाईंना सांगितलेलं खोटं, सही. हौसाने काय विचारलं ते सांगताना त्याला दोनदा थांबावं लागलं.

आप्पांचा चेहरा पांढरा पडत गेला.

“मी राजीनामा देतो,” रोहिदास म्हणाला. “मी या कामाचा नाही. तुम्ही काहीतरी बोला, आप्पा... शिक्षा सांगा.”

आप्पा त्याच्या खांद्यावरच्या शालीकडे बघत राहिले.

रोहिदासचा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांच्याशी असा बोलत होता.

“हे मी तुमच्याकडूनच शिकलो. तुमच्याच वर्गात बसून शिकलो.”

“हो,” आप्पा म्हणाले.

मग आप्पांनी काठी घेतली, पायांत वहाणा घातल्या.

“मला का विचारतोस? जिने हे सोसलं तिच्या घरी चल.”

धनगरवाडा तासाभराच्या चढावर होता. आप्पांचं वय चौऱ्याहत्तर. चार ठिकाणी बसले, पण परत फिरायचं म्हणाले नाहीत.

हौसाला त्याच सकाळी घरी आणलं होतं. ती अंगणात घोंगडीवर बसली होती, शेजारी शेळीचं करडू. गुरुजी आलेले पाहून ती धडपडत उठली आणि हाताची घडी घालून ताठ उभी राहिली.

रोहिदासने बिरा आणि धोंडाबाईला समोर बसवलं आणि सांगितलं. शाल मिळाली तेव्हा जे सांगायला हवं होतं ते सगळं सांगितलं. पोरगी अर्धा तास विंचवाचं विष अंगात घेऊन माझ्यासमोर बसली होती, आणि मी तिला नीट बस म्हणालो, हेही सांगितलं.

बिरा ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो उठला, शेळ्यांच्या वाड्याकडे गेला आणि कुडाला हात लावून पाठमोरा उभा राहिला.

धोंडाबाई पदराचं टोक चुरत होती.

“शाळंत घालताना मीच तिला सांगितलं व्हतं,” ती शेवटी म्हणाली. “गुरुजी सांगतील तसं वाग.”

बिरा परत आला. आता त्याने हात जोडले नाहीत.

“पोर शाळंत यायची न्हाय,” तो म्हणाला. “शेरडं राखंल. शेरडं तरी वरडत्यात.”

रोहिदासने मान खाली घातली.

तेव्हा आप्पा उठले. काठी बाजूला ठेवून ते हौसाच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले. मातीतच. आता त्यांचं डोकं तिच्या डोक्यापेक्षा खाली होतं.

“बाय,” ते म्हणाले, “आम्ही दोघं मास्तर आहोत, पण आम्हाला एक गोष्ट येत नाही. दुखल्यावर ओरडायचं कसं?”

हौसाने आईकडे पाहिलं. मग गुरुजींकडे. परवानगी आहे का, हे तिला कळत नव्हतं.

“शिकवतेस का?” आप्पा म्हणाले.

हौसाने हाताची घडी सोडली. थोडा विचार केला. मग डोळे मिटले, तोंड उघडलं आणि ती ओरडली.

“आये गंऽऽ!”

करडू उडी मारून पळालं. कुत्रं भुंकायला लागलं. समोरच्या कड्यावरून तो आवाज परत आला. धोंडाबाईने पोरीला एकदम छातीशी ओढलं, आणि हौसा तिच्या हातांतून सुटत हसायला लागली.

“आता तुमी,” ती रोहिदासला म्हणाली.

रोहिदास खाली बसला. तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

“असं न्हाय. पोटातनं.”

त्याने पुन्हा तोंड उघडलं. वर्गात एका शब्दात तेवीस मुलांना गप्प करणारा त्याचा आवाज कुठेतरी अडकून बसला होता. गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळे लाल झाले, पण काही निघेना. हौसा त्याच्या तोंडाकडे बघत होती. चिडत नव्हती. थांबली होती.

“दमानं,” ती म्हणाली. “दुखलं व्हतं ते आठवा.”

तिसऱ्या वेळी आवाज आला. तो इतका फाटका आणि उंच होता की आपला आहे हे रोहिदासला ओळखू आलं नाही. तो थांबलाही नाही. रोहिदास मातीत कपाळ टेकवून ओरडत राहिला आणि मग त्याचं रडणं झालं. बिरा ढेबे चार पावलं पुढे आला. त्याच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, हे न कळून तसाच उभा राहिला.

हौसा आप्पांकडे वळली.

“आता तुमी, आजोबा.”

आप्पांनी डोळे मिटले. तोंड उघडलं. त्यांचे ओठ थरथरत होते, छाती वरखाली होत होती. सगळे वाट पाहत राहिले. कुत्रंसुद्धा गप्प झालं होतं.

काही आलं नाही.

“मला जमत नाही, बाय,” आप्पा म्हणाले.

हौसाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“रोज करायचं,” ती म्हणाली. “मग येतंय.”

सोमवारी रोहिदासने कळंबे गुरुजींच्या टेबलावर नवा कागद ठेवला. त्यात खरी वेळ होती. कळंबे गुरुजी चिडले, त्यांनी समजावलं, शेवटी तो पुढे पाठवला. महिन्याभराने रोहिदासला वरून लेखी ताकीद आली. शाल त्याने सरपंचांना परत केली. गावात दोन तट पडले. काही लोक त्याच्याशी बोलेनासे झाले, लक्ष्याच्या बापाने तर भर रस्त्यात त्याला शिव्या दिल्या. रोहिदासने त्या ऐकून घेतल्या.

हौसा दोन आठवडे आली नाही. मग एका सकाळी बिरा तिला घेऊन आला आणि वर्गाच्या दारात उकिडवा बसला. सबंध दिवस तसाच बसून त्याने पाहिलं. दुसऱ्या दिवशीही बसला. तिसऱ्या दिवशी हौसा एकटी आली.

पण रोहिदासच्या मनात राहिला तो त्याआधीचा दिवस, नवा कागद दिला तो.

त्या दिवशी त्याने फळा कोपऱ्यापर्यंत पुसून काढला आणि तो टेबल सोडून मुलांच्या ओळीत खाली बसला. त्याने विचारलं, मला सांगायचं राहिलेलं आणखी कुणाकडे काही आहे का?

कोणीच बोललं नाही. त्याला वाटलं, आता बोलणार नाहीत. आता उशीर झाला.

मग लक्ष्या म्हणाला, कोपऱ्यातल्या भिंतीला भोक आहे, विंचू तिथून येतात. गेल्या वर्षीपण यायचे. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या कोणी सांगितलं, मला फळ्यावरचं दिसत नाही. मी शेजारणीचं बघून लिहितो. एका मुलीने सांगितलं की तिची आई तीन महिन्यांपूर्वी वारली. रोहिदासला हे ठाऊक नव्हतं. रोज तिच्या हजेरीवर तो बरोबरची खूण करत होता.

सगळ्यात पुढे बसणारा, पहिलीतला, गोरापान मधू सकपाळ मान खाली घालून म्हणाला, “गुरुजी, तुमचा आवाज मोठा झाला की मला शू होते. मग मी त्याच्यावरच बसून राहतो.”

मधूचं नाव शहाण्या मुलांत रोज असायचं.

एकामागून एक हात वर येत राहिले. घंटा झाली. कोणी उठलं नाही.

हे सगळं रोहिदासने दिवाळीनंतर एका संध्याकाळी आप्पांना सांगितलं. दोघं मठाच्या मागच्या वाटेने चालत होते. आप्पा त्या दिवसापासून खचले होते, काठीवर जास्त भार देऊन चालायचे. सकाळी ते मठामागच्या रानात एकटे जातात आणि बराच वेळ तोंड उघडून उभे राहतात, असं एका गुराख्याने गावात सांगितलं होतं. लोकांना वाटलं, म्हातारा भ्रमला. रोहिदासने कोणाला काही समजावून सांगितलं नाही.

तो बोलत होता आणि आप्पा मध्येमध्ये एवढंच विचारत होते: मग ती काय म्हणाली? मग तो काय म्हणाला? रोहिदासला आता प्रत्येकाचं आठवत होतं. कळंबे गुरुजींना त्याच्या वर्गाचा गलका सहन होत नाही, त्यांनी मधलं दार लावून घेतलं, हेही त्याने सांगितलं.

सांगून संपलं तेव्हा ते उतारावर आले होते. खाली शाळेचं छप्पर दिसत होतं.

रोहिदासला आपल्या लहानपणची ती खोली आठवली. तीस-पस्तीस मुलं, मांडीला मांडी लावून. त्याने आठवायचा खूप प्रयत्न केला, पण त्या दोन वर्षांतला एकाही मुलाचा आवाज त्याला आठवेना.

त्याने धीर करून विचारलं.

“आप्पा... चौतीस वर्षं शिकवलंत तुम्ही. तुमच्या वर्गात असं कधी झालं नाही ना?”

आप्पा थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून ते खाली, त्या छपराकडे बघत राहिले. इतका वेळ, की आपला प्रश्न त्यांना ऐकू गेला नसावा असं रोहिदासला वाटलं.

“झालंही असेल,” आप्पा म्हणाले. “मला कुणी सांगितलं नाही.”